खडखडणारं कपाट

होम थिएटरसाठी त्याने मोठ्या हौसेने भिंतभर लाकडी कपाट करून घेतलं आणि पहिल्याच सिनेमाला ते खडखडायला लागलं. पडद्यावर साधा ट्रक सुरू झाला, तरी फळ्यांना हुडहुडी भरायची. "दिवाणखान्यात गिरणी आणून ठेवलीस," बायको म्हणाली.

वडिलांची काही तक्रार नव्हती. ते ठार बहिरे झाले होते. रोज सिनेमा लागला की ते कपाटाला खेटून खुर्ची टाकायचे आणि फळीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसायचे. तिथून पडदा धड दिसतही नसे. "सोफ्यावर बसा ना, बाबा," असं तो खुणा करून सांगायचा, पण ते जागचे हलायचे नाहीत.

शेवटी त्याने सुताराला बोलावलं. सुताराने स्पीकरखाली जाड रबर घातलं, मागची फळी घट्ट आवळली. संध्याकाळी सिनेमा लागला. आवाज नेहमीएवढाच होता, पण कपाटाने चकार शब्द काढला नाही. बायको म्हणाली, "आता कसं!"



वडिलांनी फळीवरचा हात उचलला, पुन्हा टेकवून बघितला आणि त्याला विचारलं, "आज आवाज का बंद ठेवलायस रे?"