चौथी रेघ

बामची लाल डबी. आत बाम नाही. तिळाएवढी हिरवी खपली.

संग्रहालयातली पाटी: कांस्य घंटा, राजाच्या कारकिर्दीचं तिसरं वर्ष.

व्हिनेगरच्या कारखान्यामागचं शेत. गेल्या मंगळवारी नांगराला काहीतरी अडलं आणि घणघणलं.

दोन वाडगे आंबट-तिखट नूडल्स. एकच माणूस जेवतंय.

शिउछिनने डबी नवऱ्याच्या वाडग्याशेजारी ठेवली. जन्मभर याच हाताने घंटांवर ओला कागद ठोकून बसवला होता, शाईची पुरचुंडी टेकवून लेखांचे ठसे घेतले होते. तो कधी चुकला नाही. एकदाच.

"संग्रहालयातून फोन होता," ती म्हणाली. "शेतात सापडलेली घंटा आपल्याच घंटेची जोडीदार निघाली. लेख तोच. पण वर्ष चौथं. आपल्या घंटेवर तिसरंच कसं, म्हणतायत."

घंटेवरच्या त्या प्राचीन चिनी लिपीत तीन म्हणजे तीन आडव्या रेघा, चार म्हणजे चार. लेखात वर्षाबरोबर चंद्राची कला आणि दिवसाचं नावही कोरलेलं; एक रेघ वाढली की ते सगळं जुळतं दुसऱ्याच राजाच्या काळात. शहरातल्या एका विद्वानाने तीन रेघा वाचून ग्रंथ लिहिला, मोठा झाला. तिच्या नवऱ्याच्या, दोउच्या, तर ताब्यातच घंटा होती. त्याने एक ओळ लिहिली नाही. गावातल्या जुन्या वस्तूंच्या कोठाराचा राखणदार म्हणूनच निवृत्त झाला. चाळीस वर्षं शिउछिन त्याला हिणवत आली, "घंटेपाशी बसून बसून तूही कांस्याचा झालास!"

"म्हाताऱ्या, उघड ती डबी."

दोउने उघडली. चष्मा लावला नाही.

"ठसा घेताना माझा ब्रश जोरात बसला," ती म्हणाली. "गंजाची खपली उडाली. रेघ तिच्याबरोबर गेली. तुझा शोध मी खाल्ला रे. इतकी वर्षं बोलायची छाती झाली नाही."

दोउ उठला. कपाटातून एक जुनी वही काढून त्याने तिच्यापुढे उघडली. पेन्सिलीने उतरवलेला लेख. चार रेघा. खाली तारीख: सहा एप्रिल १९८२. ठसा तिने नऊ तारखेला घेतला होता.

"तुला ठाऊक होतं?"

"दहा तारखेला ठसा हातात आला. त्यात तीनच."

"मग लिहिलं का नाहीस, मेल्या?"

"लिहिलं असतं तर चौकशी झाली असती, रेघ गेली कुठे. मधल्या चार दिवसांत त्या खोलीत एकच माणूस गेलं होतं."

शिउछिनने बाहीनेच डोळे पुसले. "बायकोसाठी कुणी एवढं करतं का, वेड्या?"

दोउने तिचा वाडगा पुढे सरकवला. "जेव आधी. उद्या दोघं जाऊ. डबी मी घेतो, वही तू घे."

दहा एप्रिल १९८२ रोजी दोउला ठसे घेणाऱ्या त्या नव्या मुलीचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.