बुरुजाला सांगितलेलं नाव

"पुनम!" पुनमने हाक मारली आणि समोरच्या बुरुजाने तिचं नाव जसंच्या तसं परत केलं. मग तिने बापाचं नाव टाकून बघितलं, आईचं बघितलं. शेवटी आजीकडे बघत जोरात म्हणाली, "मिराबाई!" आजोबा असताना ते अशीच हाक मारायचे, म्हणून आठ वर्षांची पुनमही आजीला नावानेच बोलवायची. बुरूज तेही बोलला.

"घ्या," मिराबाई म्हणाली. "आता दगडाला बी शिकवलं हिनं."

पुनमच्या बापाने, सुदामने, आपल्या माणसांना मुद्दाम आणलं होतं. पडझड झालेली ही गढी नीट करायच्या कामावर तो अडीच वर्षं गवंडी होता. महिन्याभरापूर्वी ती लोकांना बघायला खुली झाली. सकाळी औंढ्याला नागनाथाचं दर्शन झालं होतं, लेकरासाठी नवस बोलून झाला होता, आणि आता तो भिंतीवरून हात फिरवत सांगत होता, "सिमिट न्हाई यात. चुना, गूळ अन् बेलाचा गर."

"घरची मोरी दोन वर्षं गळून राहिली," त्याची बायको संगिता म्हणाली. "तिला बी चार बेलं फोडा की."

ज्याच्यासाठी नवस बोलला, तो तिच्या कडेवर होता. अकरा महिन्यांचा. तांड्याच्या रीतीने त्याला मेलेल्या आजोबांचं नाव ठेवलं होतं, थावरा. ताट पडलं की तो दचकायचा. शेळी ओरडली, कुणी शिट्टी वाजवली की मान वळवायचा. नावाने हाक मारली की मात्र काहीच नाही. हिंगोलीच्या डॉक्टरने दोनदा तपासलं आणि दोनदा सांगितलं की कान चांगले आहेत. संगिता तरी रोज त्याच्यामागे बसून हाका मारायची, आणि मग पदराने स्वतःचे डोळे पुसायची.

"आता बाळाचं," पुनम म्हणाली. "थावरा!"

बुरूज गप्प राहिला. मग आतून, दगडाच्या मागून, जाडसर आवाजात आलं, "ओ."

लेकरू आपल्या पायातल्या मोज्याकडे बघत होतं. पुनम हसली. बाकी कुणी हसलं नाही. मिराबाईने हात हळूच भिंतीला टेकवला. चाळीस वर्षं तिने हीच ओ ऐकली होती. शेतातून, बाजारातून, खाटेवरून. थोडी उशिरा, थोडी कंटाळलेली.

सुदामने भिंतीवरचा आपला हात काढून घेतला.

"काय केलंस?" मिराबाईने त्याला विचारलं.

"याडी, हा बुरूज उभाच राहत नव्हता." आईला तो याडीच म्हणायचा. "तीनदा बांधला, तीनदा घसरला. मोठा मिस्त्री म्हणला, शेवटचा दगड बसवायच्या आदी आत एक नाव सांगावं लागतं. नाव आत राहिलं की भित राहती. जो तो आपल्या लेकराचं नाव लपवून बसला. मला वाटलं, बाप तर गेलाय. त्याचं नाव कुणाच्या कामाचं?" तो थांबला. "ही दोन महिन्यांची पोटुशी व्हती. मला म्हाईतच नव्हतं."

वारा पडला होता. लांब सिद्धेश्वर धरणाचं पाणी पत्र्यासारखं पांढरं दिसत होतं.

"जन्मभर एका जागी टिकला न्हाई तो," मिराबाई म्हणाली. "बैल घेऊन तीन जिल्हे फिरला. अन् त्याला तू भिंतीत बसवलंस."

"दुसरं नाव ठिवू लेकराला," संगिता घाईने म्हणाली. "आजच ठिवू. कुलदीप ठिवू."

"ठिव. लेकरू वळंल बी." मिराबाईचा हात भिंतीवरून निघाला नाही. "मग माहा माणूस आतच?"

सुदाम चुन्याची सांध नखाने खरवडू लागला. नख तुटलं, चुना नाही. काम चांगलं झालं होतं.

"परत मागता येतं का?" तिने विचारलं.

"मिस्त्री म्हणायचा, भित रिकामी जागा ठिवत न्हाई."

मिराबाईने मान हलवली, भाजीवालीने भाव सांगितल्यावर हलवावी तशी. मग तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"जा तुमी गाडीकडं. नवरा-बायकोचं बोलणं हाय. लेकरांनी ऐकू नये."

ते पायऱ्या उतरून दरवाज्यापाशी थांबले. वर ती भिंतीला तोंड लावून उभी होती, बहिऱ्या माणसाच्या कानात सांगावं तशी. फार वेळ नाही. एक शब्द बोलायला लागतो तेवढाच.

ती खाली आली आणि लेकराच्या पाठीमागे उभी राहिली. साध्या आवाजात म्हणाली, "थावरा."

लेकराने मान वळवली. आजीकडे बघितलं आणि दोन दात दाखवत हसलं. संगिताने हाक मारली, सुदामने मारली, पुन्हा तिने मारली, आणि प्रत्येक हाकेला ते एवढंसं डोकं फिरत राहिलं. कितीतरी वेळ त्यांनी दुसरं काही केलंच नाही.

मिराबाई तोवर गाडीच्या दिशेने चालू लागली होती.

"मिराबाई!" पुनमने हाक मारली. ती थांबली नाही. "मिराबाई, थांब ना!" ती रस्त्यातले खडे चुकवत तशीच चालत राहिली. सुदामने मात्र मागे वळून बुरुजाकडे बघितलं.

पुनम पळत गेली आणि तिने आजीचा हात ओढला.

"हात काहून ओढून राहिलीस, माय?" मिराबाई म्हणाली. "हाक मारायची ना."