भ्यायला शिकवताना

पहिली काठी बसली तेव्हा गोदू पळाली नाही. उलट जवळ येऊन तिने बाबारावांचा हात हुंगला, बाटली कुठे आहे ते पाहायला.

"असं नाही जमत, काका," प्राण्यांची डॉक्टर राधिका कुंपणाबाहेरून म्हणाली. "हिले पाठवता नाही येणार."

गोदू म्हणजे काळविटाची मादी. दोन वर्षांपूर्वी कुत्र्यांनी तिची आई मारली, आणि ते एवढंसं पाडस कुरणाचे राखणदार बाबाराव यांनी रायपूरच्या बुढापारा वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत वाढवलं. त्यांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, बाटलीने दूध पाजलं, नावही त्यांनीच ठेवलं. राखणदार होण्याआधी बाबाराव उरला वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यात होते, तिथून खोकला घेऊन आले होते. तो गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की गोदू दारात हजर. मोठी झाल्यावर ती कुरणात, जाळीच्या आत आली.

आता नव्या राजधानीच्या कडेच्या कुरणातून वीस काळविटं गोंडांच्या गावांजवळच्या रानात जाणार होती. तिथल्या म्हाताऱ्यांनी लहानपणी पाहिलेले कळप पुन्हा उभे करायचे होते. पहिल्या खेपेला दोन माणसाळलेल्या माद्या गेल्या. कुणीतरी हातावर हरभरे धरले, त्या भोळ्या जवळ आल्या, आणि नंतर त्यांची नुसती कातडी सापडली. तेव्हापासून नियम झाला की माणसाला न भिणारं जनावर इथेच राहील. इथे म्हणजे जन्मभर जाळीच्या आत.

बाबारावांनी एक महिना मागून घेतला. रोगाची लागण नको म्हणून आत एकाच माणसाने जायचं, असा दंडक होता. तेही बरंच झालं, दुसऱ्या कुणी तिला मारलेलं त्यांना पाहवलं नसतं. रोज सकाळी ते खोकत आत जात. काठी, पत्र्याचे डबे, खडे. गोदू आधी गोंधळली, मग रुसली, मग थरथरायला लागली. घरी बाबाराव ताट तसंच सारून उठत.

"काहून मारून राहिले तिले?" वनमालाबाईंनी एकदाच विचारलं.

"जगली पाहिजे म्हणून. मले पाहून पळाली पाहिजे."

त्या उठून आत गेल्या.

महिना भरला. राधिका बाहेरून पाहत उभी राहिली. बाबाराव फाटकाशी खोकले मात्र, गोदूने कुरणाचं दुसरं टोक गाठलं. राधिकाने कागदावर सही केली. बाबाराव नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

हिवाळ्यात ते रानात गेले. तिथला राखणदार भैय्यालाल, जवळच्याच गावचा गोंड, त्यांना गवताच्या कडेला घेऊन गेला. कळप चरत होता. कुत्र्याने फाडलेल्या कानावरून त्यांनी गोदूला लगेच ओळखलं. तिला एकदा डोळे भरून पाहावं म्हणून त्यांनी खोकला दाबून धरला, पण शेवटी तो आलाच. गोदूने मान वर केली आणि अशी उधळली की दिसेनाशी झाली.

बाबाराव रडत होते आणि हसतही होते. पोरगी कायमची तुटली, पण आता तिला कुणी हात लावू शकणार नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले.

भैय्यालाल अजून ती गेली त्या बाजूलाच पाहत होता.

"हव, पळाली खरी," तो म्हणाला. "पण आज पहिल्यांदाच, भैया. एरवी तर रोज सडकेवर जाऊन ट्रकवाल्यांच्या हातून बिस्किटं खाते."