हुबेहूब प्रत

बॅकअपसाठी आलेली दोन्ही सॉफ्टवेअर तपासून तिने मीटिंगमध्ये सांगितलं, "साहेब, हे आपल्या माहितीची लगेच हुबेहूब प्रत करतं, पण इथे काही पुसलं गेलं की तिथेही पुसतं. ते दुसरं जुन्या प्रतीही जपून ठेवतं."

"मला शहाणपण शिकवू नका," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले आणि त्यांनी मेहुण्याच्या कंपनीचं पहिलंच घेतलं.

परवा साहेबांच्याच हातून ग्राहकांची सगळी माहिती पुसली गेली. प्रतीतूनही क्षणात गेली.

मालकांनी तिला घाईघाईने बोलावलं. "कुठे काही शिल्लक आहे का हो?"

"बघावं लागेल," साहेबांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहत ती शांतपणे म्हणाली.



चाचणीसाठी घेतलेलं दुसरं सॉफ्टवेअर अजून चालूच होतं आणि त्यात सगळं शाबूत होतं, हे तिला साहेबांनी राजीनामा दिल्यावरच आठवलं.