खुंटीवरचा बिल्ला

"रक्त साफ आहे," आदिनाथ सरांनी कागद टेबलावरून पुढं सरकवला. "आधी हे वाच. मंग रडायचं तर खुशाल रड."

शीतलनं वाचलं आणि खरंच रडली. सरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

जालन्यातल्या त्या कॅन्सरच्या दवाखान्यात शीतल किरणांचं मशीन चालवायची. पेशंटला टेबलावर झोपवायचं, बाहेर येऊन जाडजूड दार लावायचं आणि बटण दाबायचं. तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. तो किरणं अडवत नाही बरं का, नुसता मोजतो. तीन महिन्यांनी सगळे बिल्ले तपासायला मुंबईला जातात. किरणांपासून माणसं जपायची जबाबदारी आदिनाथ सरांची, आणि बारा वर्षांत एकाही बिल्ल्यावर दखल घ्यावी असं काही आलं नव्हतं.

यंदा मुंबईहून फोनच आला. शीतलच्या बिल्ल्यावरचा आकडा इतका मोठा, की सरांनी तो दोनदा विचारून घेतला. तिला त्याच दिवशी मशीनवरून काढून फायलींच्या टेबलावर बसवलं आणि रक्त तपासायला पाठवलं. शीतलला पाचवा महिना होता. लग्नाला सात वर्षं झाल्यावर राहिलेलं पोर.

ते दहा दिवस तिनं कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. घरी चकार शब्द काढला नाही. नवरा ओमप्रकाश शहागडला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा. आणि सासूला, पुष्पाबाईंना, कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी तर नातवासाठी नवसच बोलला होता. सव्वा महिना झाला, रोज सकाळी सातच्या गाडीनं राजूरच्या गणपतीला जायचं, साडेबाराच्या आत परत. खायला नुसती दुधात कुस्करलेली भाकरी. शनिवार-रविवार तेवढा देवाला सुट्टी. "त्या दिशी लई गर्दी ऱ्हाती माय, चेंगरून मरंन मी," म्हणायच्या.

"सर, पण मंग बिल्ल्यावर एवढी किरणं आली कुठून?" शीतलनं डोळे पुसत विचारलं.

"तेच तर कोडं आहे. एवढी किरणं तुझ्या अंगावर पडली असती तर रक्तानं सांगितलं असतं. म्हणजे तू एकीकडं आन् बिल्ला दुसरीकडं. मला वाटलं, आत मशीनच्या खोलीत विसरलीस. पण कॅमेऱ्यात बघितलं, बिल्ला रोज तुझ्यासंगच बाहेर आल्ता." सरांनी चष्मा काढला. "घरी नेत होतीस का?"

शीतलनं मान खाली घातली. जाताना बिल्ला इथल्याच फळीवर लावायचा, असा नियम.

"ॲप्रन धुवायला नेते ना सर. आत्याबाईंना इथली धुलाई पटत न्हाई. त्या स्वतः नीळ घालून, इस्त्री करून देतात. बिल्ला ॲप्रनलाच ऱ्हातो."

"आन् सकाळभर?"

"खुंटीवर. माझी ड्यूटी दुपारची."

"तुझ्या खुंटीखाली काय मशीन बसवलंय का गं?" सर हसले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा शीतलही हसली. "जा घरी आज जल्दी. बिल्ला कुणी कुठं नेल्ता का, तेवढं विचार. मला कागदावर काहीतरी लिहावं लागंल."

वाटेत तिनं पाव किलो पेढे घेतले. चार वाजता घरी पोचली तेव्हा पुष्पाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, तोंड गोड करा!"

"आत्ता गं बया, आज एवढ्या लवकर?" त्यांनी पेढ्याचा कणभर तुकडा मोडला आणि तोंडात धरून बसल्या.

मग शीतलनं सगळं सांगितलं. मुंबईचा फोन, रक्त, दहा दिवसांची घालमेल, सगळं. ऐकता ऐकता पुष्पाबाईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी सुनेच्या पोटावर हात ठेवला.

"बाळाला काई न्हाई ना? बराबर सांग."

"बिलकुल न्हाई. बिल्ला माझ्या अंगावर नव्हताच."

पुष्पाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मोठा जड श्वास सोडला.

"मला मारायचं तर मार माय. बिल्ला मीच नेत व्हते."

"राजूरला?" शीतलला हसू आवरेना.

"तूच म्हनली व्हतीस, नौकरीला लागलीस तवा. हा अंगावर असला की काई होत न्हाई म्हनून. मला लई भ्या वाटायचं. कमरंच्या पिशवीत घालून न्यायची, आन् तू निघायच्या आत ॲप्रनला लावून ठिवायची. तुझ्या जिवाला असा घोर लागंल हे मला कळलं असतं तर हात तरी लावला असता का?"

"अहो, पण गणपतीच्या दर्शनाला कसलं भ्या?"

पुष्पाबाईंनी सूप बाजूला सारलं, दाराकडं एकवार पाहिलं आणि खांद्यावरचा पदर काढून पोलक्याचं वरचं बटण सोडलं. गळ्याखाली, छातीच्या मधोमध, जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. किरणं नेमकी कुठं सोडायची हे कळावं म्हणून शीतल रोज पेशंटच्या अंगावर आखायची, अगदी तशाच.