जिभेच्या जागी

नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी महामाया समुद्री आयसोपॉडांची कुळं लावायची. रत्नागिरीहून स्पिरिटच्या बाटल्यांत आलेले हे झिंग्या-खेकड्यांचे भाऊबंद ती घरीच वेगळे करत बसे. काही अंगाची गोळी करणारे, काही लाकूड पोखरणारे. एक कूळ माशाच्या तोंडात शिरतं, त्याची जीभ सुकवतं आणि तिच्या जागी स्वतः बसतं. मासा जगतो.

तिचे वडील आनंदराज यांची वाचा लकव्यानं गेली होती. हिवाळ्यात एका दुपारी जेवताना ते एकाएकी स्पष्ट बोलले, "माय, वरणात मीठ न्हाई."

महामाया रडलीच. शेजारी पेढे वाटले. पण बाबांना मीठ पुरेना. कितीही घातलं तरी "अजून टाक" म्हणत. मग ते पाण्यातही मीठ मागू लागले. जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस ते खारं पाणी घोटाघोटानं पिई आणि समाधानानं डोळे मिटे.

मिठानं तोंड आलं असेल, म्हणून रविवारी सकाळी तिनं त्यांना खिडकीशी बसवलं.

"बाबा, आ करा."

त्यांनी लहान लेकरासारखा मोठा आ केला. तिनं बॅटरी पेटवली.

पायांवरून, शेपटीवरून कूळ ओळखणारी तिची नजर आत थबकली. हे कुठल्याच कुळातलं नव्हतं.

बाबा घाबरून तिच्याकडे बघत होते. जबडा तसाच उघडा, ओठ स्थिर.

"बॅटरी बंद कर, माय," आतून बाबांचाच आवाज आला. "उजेड सोसत न्हाई."