उत्तर तेच

पुढारी सकाळी यायचे होते. सूर्य डोक्यावर आला तरी त्यांच्या गाड्यांची धूळसुद्धा दिसेना. बायकांना मात्र उजाडताच आणून शाळेच्या मैदानावर, मंचासमोर जमिनीवर बसवलं होतं. सभेला बायका आधी आणि पुढारी शेवटी, हे अजून कुठल्याही पक्षाने बदललेलं नाही.

महिला आघाडीच्या प्रमुख काम्पिराबाई नवी चितेंजे वाटत होत्या. कमरेला गुंडाळायच्या या कापडावर मागच्या निवडणुकीत पक्षाच्या पुढाऱ्यांचा, एकट्या डॉक्टरांचा चेहरा होता. आता त्यांच्या शेजारी तेव्हाच्या विरोधकाचा, कप्तानांचाही आला होता. दोघंही हसत होते.

"गुंडाळलं की एक पुढे येतो न् दुसऱ्यावर बसावं लागतं," लिगिनेती म्हणाली. "कुणावर बसायचं तेवढं सांगा."

बायका हसल्या. तिच्या शेजारी बसलेली योतामूची आई हसली नाही. तिच्या मांडीवर कापडाची घडी तशीच होती.

तिचं नाव एनिफा. पण इथे बाईला लेकराच्या नावाने हाक मारतात, आणि लेकरू गेलं तरी हाक बदलत नाही. मागच्या निवडणुकीत डॉक्टरांचं पोस्टर चिकटवताना योतामूला कप्तानाच्या पक्षाच्या पोरांनी नाक्यावर ठार मारलं. डॉक्टर मातीला आले होते. तिच्याजवळ चटईवर बसून, सगळ्या गावादेखत म्हणाले होते, "त्या माणसाच्या शेजारी मी जन्मात बसणार नाही." तिने विश्वास ठेवला. त्याच विश्वासावर तिने गाणं रचलं, आणि ते गाणं म्हणत अख्खं गाव डॉक्टरांना मत देऊन आलं होतं.

गाणं साधंच होतं. ती एकटी विचारायची, "माझा योतामू कुणी खाल्ला?" आणि सगळ्या बायका उत्तर द्यायच्या, "कप्तानाने, कप्तानाने."

काम्पिराबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. "गाणं तेच घेऊ. चाल बायकांच्या अंगात भिनलीये. फक्त तुझा प्रश्न बदल. म्हण, 'आमचा हात कुणी धरला?' उत्तर तेच ठेवायचं. कुणाला नवं पाठ करायला नको."

योतामूच्या आईने मांडीवरच्या घडीवरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं.

"अशी बघू नकोस, मलाही जड जातंय. पण गेल्या वेळी डॉक्टर एकटे लढले न् पडले. काहीतरी विचार करूनच त्यांनी हात मिळवला असेल ना?"

"त्यांचं काय," लिगिनेती म्हणाली. "एका ताटात मक्याचा न्सिमा खाऊन दोघं मोकळे. भांडी आपण घासायची."

"माझा डॉक्टरांवर भरवसा आहे, कप्तानावर नाही," मागून एक म्हातारी म्हणाली. "पण एकाला मत दिलं की दुसरा गळ्यात पडतोच. ते कसं करायचं?"

काम्पिराबाई उरलेली चितेंजे मोजायला लागल्या.

"मी नाही गायले तर?" योतामूच्या आईने विचारलं.

"तर गाव म्हणेल, तिचाच भरवसा उडाला, मग आपण कशाला रांगेत उभं राहायचं." काम्पिराबाईंनी आवाज खाली आणला. "आणि प्रश्न ऐकतंय कोण, बाई? एवढ्या ढोलांत एकटीचा आवाज मंचापर्यंत जातच नाही. वर ऐकू जातं ते उत्तर."

मैदानाच्या कडेला गवत पेटवून ढोलांची कातडी तापवत होते. कुणीतरी बोटाने वाजवून बघितलं. एकदा, मग थोडं थांबून दोनदा. योतामू ढोल असाच वाजवून बघायचा. तिने मान वळवली. हात दुसऱ्याच कुणाचा होता. दर वेळी दुसऱ्याच कुणाचा असायचा, तरी मान वळायची राहत नव्हती.

मग गाड्या आल्या. डॉक्टर आणि कप्तान मंचावर चढले, एकमेकांचे हात धरून वर केले आणि शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले. योतामूची आई उठली. तिने चितेंजे गुंडाळलं. कुणाचा चेहरा पुढे आला ते बघितलं नाही.

"आमचा हात कुणी धरला?"

"कप्तानाने, कप्तानाने."

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. शब्द इतके सहज निघाले, याचंच तिला भय वाटलं. वरून डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि हात हलवला. मग झुकून कप्तानांच्या कानात काहीतरी सांगितलं. कप्तानांनी मान डोलावली.

तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं आणि जुना प्रश्न बाहेर पडला. तिने विचारला की तो आपण होऊन आला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माझा योतामू कुणी खाल्ला?"

ढोल एक ठोका एकटेच वाजले. मग लिगिनेतीचा आवाज उठला, आणि पाठोपाठ सगळ्यांचा, आधीपेक्षा कितीतरी मोठा. "कप्तानाने, कप्तानाने." काम्पिराबाईंचे ओठसुद्धा हलत होते.

एवढ्या जोराने आपलं नाव कप्तानांनी आजवर कुठे ऐकलं नसेल. ते खुर्चीतून उठले, हात पसरून पायऱ्या उतरले आणि नाचत नाचत बायकांकडे यायला लागले. त्यांच्या मागोमाग डॉक्टरही नाचत उतरले. त्यांना तर जुनं गाणं पाठ होतं.

"पुन्हा, आई," कप्तान हसत म्हणाले. "पुन्हा म्हण."

आता दोघं इतके जवळ आले होते, की एकटीचा आवाजही ऐकू गेला असता. योतामूच्या आईने श्वास घेतला. तिच्या मागे सगळ्या बायकांनीही घेतला.